कादंबरीतला पोलीस नेमका कशाला घाबरतो?

कादंबरीच्या मसुद्यासोबत प्रश्न असा आला आहे: "मी नाशिकमध्ये घडणारी कादंबरी लिहिते आहे. नायक पोलीस इन्स्पेक्टर. गंगापूर रोडवर एका बिल्डरचा त्याच्याच बंगल्यात खून होतो. नायक घटस्फोटित आहे, दारू पितो, कुणाला भीत नाही. दोघा-तिघांनी वाचून सांगितलं की हा माणूस खरा वाटत नाही. पोलिसाची भीती आणि त्याची आतली झुंज खरी कशी लिहायची?"

मी पोलीस खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा बराच काळ नाशिक शहर आणि ग्रामीण असा दोन्हीकडे गेला. रात्रपाळीत वाचनाची सवय लागली आणि सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड अजून चालू आहे. १८४० सालचं ते वाचनालय; तिथल्या रहस्यकथांची कपाटं मी बहुतेक पालथी घातली आहेत. तेव्हा वाचक म्हणून चिडलेला आणि पोलीस म्हणून हसलेला, असा दोन्ही नात्यांनी सांगतो.

ताई, तुमच्या इन्स्पेक्टरला कुणी अडवतच नाही, घोळ तिथे आहे. तो हवं तिथे जातो, हवं त्याला उचलतो, हवं ते बोलतो आणि शेवटच्या प्रकरणात आरोपी पुढ्यात बसून सगळं कबूल करतो. खरा तपासी अंमलदार पाच-सहा दोऱ्यांनी बांधलेला असतो: हद्द, घड्याळ, पंच, वरिष्ठ, कोर्ट आणि घर. एक ओढला की दुसरा आवळतो. त्याची भीती आणि झुंज या गाठींमध्ये असते. दारू आणि घटस्फोट बाहेरून चिकटवले तर ते चिकटवलेलेच दिसतात.

आधी पिस्तुलाचं उरकून टाकू. तुमच्या पहिल्याच पानावर ते टेबलावर पडलंय. सरकारी हत्यार टेबलावर टाकून चहा पिणारा अधिकारी मी पाहिला नाही. प्रत्येक राऊंडचा हिशेब असतो, आणि एक राऊंड उडाला तर पुढे कितीतरी दिवस कागद उडत राहतात. असंख्य अधिकारी रेंजवरचा सराव सोडला तर एकही गोळी न झाडता निवृत्त होतात. ते पिस्तूल काढून टाका. काही बिघडणार नाही.

आता खून. बंगल्यात, गालिच्यावर, छातीत सुरा. हा खून आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं, त्यामुळे पोलिसाला शंका घ्यायला जागाच उरत नाही. त्याऐवजी तुमचा बिल्डर नदीत मिळू द्या.

समजा जुलै महिना आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पूर येऊन गेलाय, आणि पाणी उतरल्यावर टाळकुटेश्वर पुलाजवळ एक देह अडकलेला दिसतो. कुणीतरी ११२ ला फोन लावतो. तिथे पोचलेल्या बीट मार्शलच्या, म्हणजे गस्तीवरच्या पोलिसाच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो 'हद्द कुणाची?' गोदावरीच्या एका काठाला पंचवटी पोलीस ठाणं, दुसऱ्या काठाला सरकारवाडा आणि भद्रकाली. त्यातून माणूस पाण्यात पडला असणार वर कुठेतरी, सोमेश्वरच्या अंगाला, म्हणजे हद्द गंगापूर ठाण्याची. नव्या कायद्याने झिरो एफआयआरची सोय पक्की केली आहे, हद्दीच्या नावाखाली फिर्याद नाकारता येत नाही, हे खरं. पण काठावर उभ्या असलेल्या दोन ठाण्यांच्या माणसांच्या नजरेत काय चालतं ते कायद्यात लिहिलेलं नाही. देह पाण्यातून काढतात ती घाटावरची पट्टीची पोहणारी पोरं. पोलीस काठावर, लोकांसमोर नाकाला रुमाल लावायचा नाही असं मनाशी ठरवून उभे.

ठाण्यात नोंद होते अकस्मात मृत्यूची. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १९४. खुनाचा गुन्हा अजून नाहीच. इन्क्वेस्ट म्हणजे मृतदेहाचा पंचनामा होतो, देह सिव्हिलला जातो. दोन-तीन दिवस पाण्यात राहिलेल्या देहावरची जखम दगडावर आपटून झालेली की हत्याराची, हे डॉक्टरलाही लगेच सांगता येईल असं नाही. तो मत राखून ठेवतो, व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, प्रयोगशाळेत जातो. आणि इथे, ताई, तुमची कादंबरी सुरू होते.

कारण मधल्या दिवसांत अधिकारी लटकलेला असतो. अकस्मात मृत्यूच्या फायलीला माणसं मिळत नाहीत. डीबी म्हणजे गुन्हे शोध पथक चेनस्नॅचिंगच्या मागे असतं. सोमेश्वर रस्त्यावरच्या दुकानांतल्या कॅमेऱ्यांत जुन्या चित्रणावर नवं चित्रण चढत असतं, म्हणजे पुरावा रोज थोडा थोडा पुसला जातोय. बायको म्हणते नवऱ्याला पोहता येत होतं, भाऊ म्हणतो नव्हतं येत. अधिकाऱ्याला आतून वाटतंय की हा घातपात आहे. पण खुनाचा गुन्हा दाखल केला आणि डॉक्टर म्हणाला माणूस बुडूनच गेला, तर वरिष्ठ विचारणार. नाही दाखल केला आणि पुढे खून निघाला, तर नातेवाईक, वर्तमानपत्रं आणि तेच वरिष्ठ विचारणार. अशा वेळी झोपेतून उठून छताकडे बघत पडलेला माणूस लिहा. त्याला दारू पाजायची गरज नाही. शंभर पानं यावर सहज जातात, आणि वाचकाला गुन्हा घडलाय की नाही हेच माहीत नसतं.

देहाजवळची भीतीही वेगळी असते. नोकरीच्या सुरुवातीला एका कालव्याच्या कडेला रात्रभर मृतदेहावर पहारा द्यायची वेळ माझ्यावर आली होती. सोबत एक सहायक फौजदार होते, निवृत्तीला टेकलेले. ते रात्रभर माझ्याशी कांद्याच्या भावावर, मुलीच्या लग्नावर, सिन्नरच्या पाहुण्यांवर बोलत राहिले. त्यांना बोलायची हौस आहे असं मला वाटलं. पहाटे पंच आले तसे ते गप्प झाले ते दुपारपर्यंत. पुस्तकांत पोलीस मृतदेहापाशी उभे राहून एकतर विनोद करतात किंवा उलटी करतात. प्रत्यक्षात बहुतेक जण बडबड करतात नाहीतर काम शोधतात: पट्टी आणा, खडू आणा, ॲम्बुलन्स कुठे राहिली.

पंचांचा उल्लेख झाला म्हणून सांगतो, कथाकार पंचांना विसरतात. दोन पंचांशिवाय तपासाचं पान हलत नाही आणि पंच म्हणून उभं राहायला कुणी तयार नसतं. 'साहेब, कोर्टात यावं लागंल का?' हा प्रश्न ऐकला की समजायचं, हा माणूस आता पाच मिनिटांत नाहीसा होणार. गंभीर गुन्ह्यात म्हणूनच सरकारी कर्मचारी पंच म्हणून बोलावतात. आता झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं, ई-साक्ष्य ॲपवर. डोंगराळ भागात, हरसूल-पेठच्या रस्त्यावर रात्री रेंज नाही, मोबाईलची बॅटरी संपत आलीय आणि हवालदार टॉर्च धरून उभा आहे, हा प्रसंग कुठल्याही पाठलागापेक्षा जास्त ताणाचा होऊ शकतो.

कॅमेऱ्यांची आणखी एक गंमत. दुकानातल्या डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं घड्याळ क्वचितच बरोबर असतं. अकरा मिनिटं पुढे, कधी एक दिवस मागे. तो फरक पंचनाम्यात नोंदवला नाही तर पुढे आरोपी एकाच वेळी दोन ठिकाणी असल्याचं तुमच्याच पुराव्यावरून सिद्ध होतं. रहस्यकथा लिहिणाऱ्याला असा मसाला फुकट मिळतोय आणि तो अजून अर्धवट जळालेल्या चिठ्ठीवर अडून बसलाय.

आणि कुत्रं. श्वान घटनास्थळाचा वास घेतं, गल्लीतून जातं, हमरस्त्यावर येतं आणि थांबतं. कारण आरोपी तिथे मोटारसायकलवर बसला. थेट आरोपीच्या दारात जाऊन भुंकणारं कुत्रं पुस्तकातच जास्त भेटतं.

आता घड्याळ. अटक केल्यापासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, आरोपीला न्यायाधीशांपुढे उभं करावं लागतं. राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदातच ते आहे. त्या चोवीस तासांत वैद्यकीय तपासणी, नातेवाइकांना खबर, अटकेची कारणं लेखी, रिमांडचा अर्ज, आणि मधल्या वेळात चौकशी. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांपलीकडे नाही. खुनासारख्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. नव्वदाव्या दिवशी रात्री ठाण्यात झेरॉक्स मशीन बंद पडलंय, रायटरला, म्हणजे तपासाचे कागद लिहिणाऱ्या पोलिसाला ताप आहे, प्रयोगशाळेचा अहवाल आलेला नाही, आणि वकील उद्या सकाळी अर्ज घेऊन उभा राहणार हे सगळ्यांना माहीत आहे. यापुढे बॉम्बची टिकटिक काय लिहायची?

तुमच्या शेवटच्या प्रकरणातल्या कबुलीबद्दल थोडं कठोर बोलतो. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. इंग्रजांच्या १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं आणि नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. चालतं ते इतकंच की आरोपीने पंचांसमोर सांगितलं, 'कोयता कुठे ठेवलाय ते दाखवतो', आणि नेऊन दाखवला, तर तो सापडल्यापुरता भाग. म्हणजे तुमच्या नायकाला आरोपी ढसाढसा रडत सगळं सांगतो, नायकाला सत्य कळतं, आणि त्यातलं जवळजवळ काहीच त्याला कोर्टात वापरता येत नाही. हे त्याचं खरं दुःख आहे. खरं काय ते माहीत असणं आणि ते सिद्ध न करता येणं, यात अधिकारी आयुष्यभर कुजतात. अशा दोन-तीन फायली प्रत्येकाच्या मनात असतात. निवृत्तीनंतर चालायला जाताना आम्ही त्यावरच बोलतो.

मारहाणीचंही इथेच. नायकाने कोठडीत दोन ठेवून दिल्या की वाचक टाळ्या वाजवतो, हे मलाही माहीत आहे. पण मला तो लेखकाचा आळस वाटतो. डी. के. बसू खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले, २०२० साली प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायचा आदेश दिला. हे नियम मोडले जात नाहीत असं मी म्हणणार नाही, कोठडीतले मृत्यू घडतात. तुमच्या पुस्तकात मारहाण असेल तर तिची किंमतही असू द्या: निलंबन, खातेनिहाय चौकशी, सीआयडीकडे गेलेला तपास, आणि दाराबाहेर बसलेली त्या मुलाची आई. मारणाऱ्याच्या शेजारी उभा राहून काही न बोललेला शिपाई तर मला वाचायला फार आवडेल. त्याची भीती कुणी लिहिलेली मी पाहिली नाही.

कोर्टाकडे येतो. माझ्या मते पोलिसाच्या आयुष्यातली सगळ्यात शुद्ध भीती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात असते. खटला उभा राहतो तोवर वर्षं उलटलेली असतात. तपास केलेल्याची बदली दोनदा झालेली असते. समन्स नंदुरबारला पोचतं, तो रात्रीच्या एसटीने नाशिकला येतो, सकाळी सरकारी वकिलांच्या खोलीत फाईल चाळतो आणि स्वतःचं अक्षर त्याला परकं वाटतं. मग उलटतपासणी.

"पंचनामा किती वाजता सुरू केला?"

"सात वाजून दहा मिनिटांनी."

"संपला?"

"आठ चाळीसला."

"स्टेशन डायरीप्रमाणे आपण आठ वाजता ठाण्यात हजर होतात. बरोबर?"

इथे जो क्षण जातो ना, त्यात माणसाचा घसा कोरडा पडतो. चूक ठाणे अंमलदाराची असू शकते, घाईत वेळ लिहिली असेल. पण उत्तर तुम्हाला द्यायचंय. वकील शांतपणे पुढे जातो, आणि साक्षीच्या कागदावर ते ठरलेलं वाक्य उमटतं: 'हे म्हणणे खरे नाही की, सदरचा पंचनामा मी पोलीस ठाण्यात बसून तयार केला.' मागच्या बाकावर मयताचा बाप बसलेला असतो. त्याला कायदा कळत नाही, चेहरे कळतात. त्यानंतर एखादा पंच फितूर होतो, 'सही माझी आहे, मजकूर मला माहीत नाही' म्हणतो आणि घरी जातो.

हे सगळं बघायला परवानगी लागत नाही. सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात खुल्या कोर्टात बसता येतं. तुम्ही चार-आठ दिवस सत्र न्यायालयात मागे बसून या. मोबाईल बंद ठेवा, वही काढू नका, फक्त बघा.

बंदोबस्ताबद्दल नाशिकच्या लेखकाने लिहिलंच पाहिजे. तपास करणारा अधिकारी दुसरी सगळी कामं सोडून तपास करतोय, असं फक्त कथेत असतं. ऐन धागा हाती लागतो आणि मंत्र्यांचा दौरा येतो. रंगपंचमीला तिवंधा चौकातल्या रहाडीवर, म्हणजे रंगाच्या हौदावर उभं राहावं लागतं, गणपतीच्या मिरवणुकीत रात्र जाते, त्र्यंबकच्या निवृत्तीनाथांच्या यात्रेला जावं लागतं. आणि बारा वर्षांनी सिंहस्थ. २७ ऑगस्ट २००३ ला पर्वणीच्या दिवशी पंचवटीतल्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली, तीसहून अधिक भाविक गेले. त्यानंतर गर्दीकडे बघायची इथल्या पोलिसांची नजर बदलली. उतार, वळण, अरुंद तोंड, पायातून सुटलेल्या चपला: हे आधी दिसतं, माणसं नंतर. तुमची कादंबरी २०२६-२७ मध्ये घडत असेल आणि तिच्यात सिंहस्थाच्या बंदोबस्ताचा वासही नसेल, तर नाशिककर पहिल्या पन्नास पानांत पुस्तक मिटेल. आणि खुनाचा तपास करणारा माणूस रामकुंडावर दोर धरून उभा असताना त्याला गर्दीत संशयित दिसला तर? जागा सोडता येत नाही. सोडली आणि काही झालं तर?

हवालदाराला माणूस करा. आपल्या पुस्तकांत तो पोट सुटलेला, सलाम ठोकणारा, चहा सांगणारा. प्रत्यक्षात साहेब दोन-तीन वर्षांनी बदलतात. हद्द माहीत असते ती हवालदाराला आणि सहायक फौजदाराला. कोणाचं कोणाशी वाकडं आहे, कोण कोणाच्या ओट्यावर बसतो, दूध बाजारातला कोणता पोरगा अचानक नवी गाडी फिरवतोय. नवा फौजदार ठाण्यात येतो तेव्हा हाताखालच्या या माणसांनाच आतून घाबरतो, कारण ते त्याला पहिल्या आठवड्यात तोलतात. तपासी अंमलदाराचा रायटरही असाच. आरोपपत्र त्याच्या हातचं असतं, नाव साहेबाचं होतं. या दोघांत एक प्रकारचा संसारच असतो, रुसवे-फुगवे धरून.

आता झुंज. मराठीत सध्या स्पर्धा परीक्षेच्या संघर्षाची पुस्तकं पुष्कळ आहेत. शेतकऱ्याचा मुलगा, पुण्यातली खोली, अभ्यासिका, अपयश, आणि शेवटी अंगावर खाकी. बापाच्या डोळ्यांत पाणी, गावात मिरवणूक, पुस्तक संपलं. त्र्यंबक रोडवरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत दीक्षान्त संचलन बघायला आलेले असे आईबाप मी पाहिलेत, मैदानाच्या कडेला नवी पैठणी सावरत उभे. तो आनंद खोटा नाही. पण पुस्तक तिथे संपवू नका, तिथे सुरू करा. मानाची तलवार मिळवलेला मुलगा पहिल्या पोस्टिंगला जातो आणि गावाकडून फोन यायला लागतात: भाच्याची गाडी पकडलीय, सोडव. नाही म्हटलं तर 'साहेब झाला, विसरला'. हो म्हटलं तर ती पहिली पायरी. ज्या बापाने जमीन गहाण ठेवून शिकवलं, तोच पाहुण्याची शिफारस घेऊन ठाण्यात येऊन बसतो. त्या खोलीत काय बोलणं होतं? यात खलनायक नाही, म्हणून लिहायला अवघड आहे.

घटस्फोट ठेवायचाच असेल तर ठेवा, पण बहुतेक संसार मोडत नाहीत, चालत राहतात. मुलाची दहावी आणि बदलीचा हुकूम एकाच महिन्यात येतात. बायको पोलीस लाईनीतल्या दोन खोल्यांत एकटीने सगळं रेटते आणि नवरा घरी आला की टीव्हीचा आवाज कमी करते, कारण तो कशाने भडकेल सांगता येत नाही. साखर, बीपी, झोप. घराचा हप्ता. पोराने 'पप्पा, तुम्ही पैसे घेता का?' विचारलं, शाळेत कुणीतरी बोललं म्हणून. महिला शिपायाचा बंदोबस्त तर वेगळंच प्रकरण आहे: बारा तास उभं राहायचं, जवळपास स्वच्छतागृह नाही म्हणून सकाळपासून पाणी प्यायचं नाही, आणि घरी तान्हं बाळ. तुमच्या कादंबरीत अशी एक शिपाई दिसते, दुसऱ्या प्रकरणात, आरोपीच्या बायकोला पाणी देण्यापुरती. तिला मोठी करा. मला वाटतं तुमची नायिका तीच आहे.

ठाण्यात सगळ्यात घाबरलेला माणूस पोलीस नसतो, आरोपीही नसतो, फिर्यादी असतो. फाटकापाशी दोन फेऱ्या मारून परत गेलेली बाई, पाकीट मारलं गेलं तरी 'जाऊ दे' म्हणणारा म्हातारा. मग कधीतरी ती आत येते, ठाणे अंमलदार मान वर न करता 'काय झालं?' विचारतो, आणि ती घरून पाठ करून आलेलं सगळं विसरते. तिचं रडणं कागदावर 'मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून फिर्याद देते की' या साच्यात बसतं. फिर्यादीचा मूळ कागद आणि तिचं खरं बोलणं शेजारी शेजारी ठेवून एक प्रकरण लिहून बघा. भाषेचा थंडपणा दाखवायला वेगळं भाष्य लागणार नाही.

आरोपीची भीती लिहिताना सराईत आणि नवखा यांत फरक करा. सराईत घरफोड्याला पोलिसाची भीती नसते, आपल्याच टोळीतला फुटेल ही असते. नवख्याच्या हातून खून झाला तर तो पळूनही लांब जात नाही. बहिणीकडे, मामाकडे, नाहीतर शिर्डी-सप्तशृंगीला. आणि बहुतेक खुनांत मारणारा आणि मरणारा एकमेकांना ओळखत असतात. नाशिकच्या इतिहासात याच्या उलट टोकाचा एक प्रसंग आहे. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. ज्याच्याशी वैयक्तिक वैर नाही अशा माणसासमोर, भरल्या नाट्यगृहात, स्वतः मरायची तयारी करून आलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात साथीदार कर्वे आणि देशपांड्यांसह त्यांना फाशी झाली. चार महिनेही लागले नाहीत. सरकारी कागदात ते आरोपी क्रमांक, आज शहरातलं मैदान त्यांच्या नावाने. गुन्ह्याच्या फायलीत माणूस किती मावतो हे कळायला नाशिकच्या लेखकाने त्या खटल्याची हकिगत वाचावी.

बिल्डरचा खून सोडून द्यायला तयार असाल तर आणखी एक सुचवतो. निफाड-दिंडोरीकडे दर हंगामात काही द्राक्ष उत्पादकांना व्यापारी फसवतात: माल उचलतात, थोडी रक्कम आगाऊ देतात, उरलेल्याचा चेक देतात, आणि गाळा रिकामा करून परराज्यात निघून जातात. रक्ताचा थेंब नाही. पण ज्या बागाईतदाराचं वर्षाचं उत्पन्न गेलं त्याच्या घरात रात्री काय होतं, आणि त्या व्यापाऱ्याला शोधायला निघालेल्या दोन पोलिसांना परक्या राज्यात, परक्या भाषेत, तिथल्या ठाण्याच्या दारात किती वेळ बसवून ठेवतात, हे कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून मोडीत निघालेली यंत्रं तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्यात कामाला आली होती, तीही अशीच बिनरक्ताची गोष्ट, पण ती फार मोठी. पहिल्या कादंबरीला द्राक्षं पुरे.

माहिती काढायला ठाण्यात प्रश्नांची यादी घेऊन जाऊ नका. यादी बघितली की आम्ही सगळे प्रेसनोटच्या भाषेत बोलायला लागतो. निवृत्त हवालदार गाठा, सकाळी गोदापार्कवर फिरायला येतात ते. पहिल्या दिवशी गुन्ह्याचं काही विचारू नका. गुडघेदुखी विचारा.

शेवटी तुमच्या मजकुरातल्या तीन दुरुस्त्या. कथा १ जुलै २०२४ नंतरची असेल तर एफआयआरवर भारतीय न्याय संहितेतलं खुनाचं कलम १०३(१) लिहा. मात्र पात्रांच्या तोंडी '३०२' राहू द्या, जुने लोक अजून तेच म्हणतात. रात्री नऊ वाजता संशयित बाईला अटक दाखवली आहे. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, म्हणून एकतर तो प्रसंग सकाळी न्या किंवा परवानगीची धावपळ त्यात आणा. आणि पाचव्या प्रकरणात इन्स्पेक्टर नाशिक रोड कारागृहात जाऊन कैद्याला स्वतःच्या गाडीत घालून घेऊन येतो. ते होत नाही. ताब्यासाठी कोर्टाचं वॉरंट लागतं, कारागृहाच्या नोंदवहीत सही लागते, आणि कैद्याला आणायला मुख्यालयातून कैदी पार्टी येते, तीही बहुतेक वेळा उशिरा.